टेपमावशीचा आडवा-उभा तक्ता

भाच्याने एका फटक्यात तीनशे बारा माणसांची मापं एकमेकांच्या अंगावर चढवली, फाइल सेव्ह केली, आणि "मावशी, मापं ओळीत लावून दिली गं" असं सांगून वर अर्धा कप चहा जास्तीचा पिऊन गेला. हा प्रताप करणारा भाचा आणि हे लिहिणारा एकच, तेव्हा त्याची बाजू इथे कुणी घेणार नाही, काळजी नसावी.

मावशी गणवेशांच्या कारखान्यात मापं घेते. बावीस वर्षं गळ्यात टेप. घरी जेवायला बसली तरी ती काढायचं भान नसतं, मग टेपचं टोक ताटात. म्हणून सगळा कारखाना तिला टेपमावशी म्हणतो. समोर कुणी आलं की नाव विचारायच्या आधी तिचे डोळे मोजून मोकळे होतात: "बेचाळीस. श्वास सोडला तर चव्वेचाळीस."

या खेपेला काम मोठं होतं. एका हॉस्पिटलच्या तीनशे बारा माणसांचे गणवेश, पाच खाती, प्रत्येक खात्याचा रंग वेगळा. म्हणजे नुसती मापं मोजून भागत नाही. कोणत्या खात्यात कोणत्या मापाचे किती, हे कळल्याशिवाय कापडाला कात्री लावता येत नाही. आधीचे कटिंग मास्तर हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर करायचे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ते गेल्या महिन्यात निवृत्त झाले आणि कारखान्याच्या मालकीणबाईंनी मावशीला बोलावलं.

"तक्ता कॉम्प्युटरवर हवाय. हॉस्पिटल दर आठवड्याला माणसं वाढवतं, दरवेळी रेघा कोण ओढत बसणार? शुक्रवारी दहाला कात्री लागणार. तुम्हाला जमलं तर कटिंगचं टेबल तुमचं. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणते."

त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मावशी बावीस वर्षं उभी होती. ती "जमेल" म्हणाली आणि घाम पुसत बाहेर आली.

तीन दिवस एका बोटाने तिने यादी टाइप केली: नाव, खातं, माप, बाही. बुधवारी भाचा आला, सगळ्यात मोठं माप कोणतं ते बघू म्हणून त्याने एकटा मापाचा रकाना लहान-मोठा लावला, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. गुरुवारी दुपारी स्वारी पुन्हा हजर झाली, मावशीला पिव्होट टेबल शिकवायला.

"यादी निवड. वर इन्सर्ट. तिथे पिव्होट टेबल."

"नाव तरी जिभेला झेपेल असं ठेवायचं. मी आडवा-उभा तक्ता म्हणणार."

"काहीही म्हण. उजवीकडे तुझ्या रकान्यांची नावं दिसतायत ना? 'खातं' धर, ओढ आणि ओळींच्या चौकटीत सोड."

मावशीने धरलं, ओढलं, सोडलं. पण हातात आलं होतं 'नाव'. तीनशे बारा माणसं घरंगळत पडद्यावरून खाली गेली.

"हे काय, माझीच यादी मला परत!"

"नाव नको, खातं. आता 'माप' रकान्यांत टाक. आणि तेच 'माप' पुन्हा आकड्यांच्या चौकटीत."

तक्ता उमटला. मावशी चष्मा सावरून जवळ गेली. "स्वयंपाकघरात छत्तीस मापाची एक हजार चारशे शहात्तर माणसं? आख्खं गावच भांडी घासतंय की काय?"

काजं करणारी ताई मशीन थांबवून फिदीफिदी हसली. भाचा म्हणाला, "तो मापांची बेरीज करतोय. छत्तीस अधिक छत्तीस अधिक छत्तीस. बेरीज नको, माणसं मोज, असं त्याला सांगावं लागतं."

"सांगितल्याशिवाय कळत नाही? तुझ्याच वळणावर गेलाय."

बेरजेच्या जागी मोजणी निवडली आणि आकडे माणसात आले. स्वयंपाकघर: छत्तीसचे एक्केचाळीस, अडतीसचे तेरा. लाँड्री: चाळीसचे अठ्ठावीस. प्रत्येक खात्याची एक, दोन, फार तर तीन घरं भरलेली, बाकी मैदान मोकळं. खालच्या बेरजा मावशीने वहीत मारलेल्या रेघांशी ताडून पाहिल्या. सगळ्या मापांच्या बरोबर. एकूण तीनशे बारा.

"अगं बाई, इस्त्री केल्यासारखा आलाय!" ताई म्हणाली. भाच्याची छाती दोन मापं वाढली.

मावशी मात्र तक्ता पुन्हा वाचत होती. टेपचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"लाँड्रीतले अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चाळीस मापाचे?"

"असतील. कपडे उचलून उचलून एकसारखे झाले असतील."

"अठ्ठावीस माणसं एका मापाची मी अजून पाहिली नाहीत. आणि मुख्य आचारी अडतीसच्या आत? अरे, त्याच्या छातीभोवती टेप न्यायला मला फेरी मारावी लागली. शेहेचाळीस आहे तो, तेही त्याचं मन राखून!"

"पण मावशी, बेरजा जुळल्यात."

"बेरीज जुळली म्हणजे माणसं जुळली का रे?"

तेव्हा कुठे भाच्याला ती बुधवारची चौकट आठवली. शेजारचे रकाने सोबत हलवू का, असं कॉम्प्युटरने रीतसर विचारलं होतं, आणि दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणतात तसं त्याने न वाचताच 'नको' म्हटलं होतं. मापं तेवढी हलली, माणसं जागच्या जागी राहिली.

"मावशी, रागावणार नसशील तर एक सांगू?"

"रागावणार आहे. सांग."

त्याने सांगितलं. रागावायला मावशीला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच तक्त्यावर थान उलगडलं असतं, तर आचाऱ्याच्या सदऱ्यात त्याचा एक हात मावला असता आणि कटिंगचं टेबल परक्याच्या हाती गेलं असतं. तिने मापांची वही काढली. ती वाचत गेली, भाचा टाइप करत गेला. वाचनात शेरे फुकट होते: "चव्वेचाळीस, खांदा उतरता. अडतीस, ही मोजताना गुदगुल्या होतात म्हणून पळाली. शेहेचाळीस, हाच तो!" साडेचारला शेवटचं माप पडलं. दोघांनी तक्ता उघडला. तक्ता होता तसाच.

मावशीचा चेहरा उतरला. "ओम् फस!"

"थांब, थांब. उजवं बटण, रिफ्रेश."

आणि तक्ता हलला. मोकळी घरं भरत गेली. लाँड्रीत छत्तीसपासून चव्वेचाळीसपर्यंत सगळी वस्ती झाली, स्वयंपाकघरात शेहेचाळीसखाली ठसठशीत एक आला. मावशीने टाळीच वाजवली. "हा बघ, आला माझा आचारी!"

मग तिने भाच्याला उठवलं, तक्ता पुसून टाकला आणि पहिल्यापासून स्वतः मांडला. एकदा नाही, चार वेळा. चौथ्यांदा तर ताईशी गप्पा मारता मारता.

शुक्रवारी पावणेदहाला मालकीणबाई आल्या. बराच वेळ तक्ता बघत राहिल्या. "नर्सिंगमध्ये पूर्ण बाहीचे किती?"

हे भाच्याने शिकवलं नव्हतं. तो कपाळाला हात लावणार, तोच मावशीने 'बाही' धरली, ओढली आणि खात्याच्या खाली सोडली. प्रत्येक खात्याच्या पोटात दोन ओळी फुटल्या, अर्धी आणि पूर्ण.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. खातं ओढता येतं, तर बाही का नाही यायची?"

मालकीणबाईंनी मास्तरांची मोठी कात्री टेबलावरून तिच्याकडे सरकवली. "पाच मिनिटं आहेत, मास्तरीणबाई. करा सुरुवात."

मावशी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. पहिला सदरा बेतला तो आचाऱ्याचा.

भाच्याची शिक्षाही तिने न्यायाने ठरवली. तीनशे बारापैकी एकोणसत्तर जणांचं माप त्या घोळातही योगायोगाने बरोबर राहिलं होतं, ते माफ. उरलेल्या दर माणसामागे एक बटण त्याने हाताने लावून द्यायचं. म्हणजे दोनशे त्रेचाळीस. आजवर एकोणीस लागली आहेत, त्यातली दोन मावशीने उसवली. लावायच्या राहिलेल्या बटणांचा तक्ता तिने कॉम्प्युटरवर ठेवलाय, वार आडवे, बटणांचे रंग उभे, आणि भाचा दारात दिसला की ती आधी रिफ्रेश दाबते.