जीपच्या खिडक्या

मंडळी, आज इथे परदेशात, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये घामाघूम होऊन मी थंडीची तयारी करत होतो.

या हिवाळ्यात बाबांना त्यांच्याच जुन्या जीपमधून स्पितीला न्यायचं होतं. चांगला हीटर परवडेना, म्हणून इथे गाडीत उन्हासाठी लावतात ते चंदेरी सनशेड कापून ऊब टिकवायला खिडक्यांना आतून बसवणार होतो. मापाला बाबांनीच पुण्याहून वर्तमानपत्रं कापून पाठवलेली.

मघाशी व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, गुडघे आता असेच राहणार. बघ तूच, हे कसे चढतात."

बाबांनी जीपची दांडी धरली. पाय पायरीपर्यंत उचललाच जाईना. शेवटी ते बॉनेटला टेकून उभे राहिले.

धाप टाकत म्हणाले, "खिडक्या झाल्या का रे?"

"एक राहिलीय, बाबा."

तेव्हापासून कात्री हातात घेऊन बसलोय. तुम्ही कापली असती?