पेनिसिलीनची दुसरी वेलांटी

आमच्या घरात त्या औषधाचं नाव कोणी घेत नाही. आई त्याला 'गळा धरते ते सुई' म्हणते. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या डॉक्टरांनी तापात तिला ते इंजेक्शन दिलं आणि ऑटोत बसेपर्यंत तिचे ओठ सुजले, मग गळा. श्वास आत जाताना तिच्या गळ्यातून फाटक्या भोंग्यासारखा आवाज येत होता. पुढे मी कॉम्प्युटरचं बरंच सांगणार आहे. तो आवाज तेवढा लक्षात ठेवा.

मी सदर भागातल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करूनच सांगते. आईने हिंगण्याच्या कारखान्यात पॅकिंगच्या पाळ्या करून मला शिकवलं. तिला स्वतःला वाचता येत नाही.

दवाखान्याचा प्रोग्राम पर्ल नावाच्या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत लिहिलेला, माझ्या आधीच्या माणसाचा. काउंटरवर पेशंटची नोंद होते तेव्हा 'ॲलर्जी' या रकान्यात टिचकी मारली की यादी खाली उघडते. सगळ्यात वर 'काही नाही', खाली औषधांची नावं. जुना पेशंट आला की प्रोग्रामने त्याचं आधीचं उत्तर आपसूक निवडून दाखवायचं असतं. त्यासाठी तो यादीतलं एकेक नाव नोंदीतल्या नावाशी ताडून पाहतो आणि जुळलं त्यावर खूण करतो.

मी नोकरीला लागले तेव्हा ही खूण चुकत होती. कोणाचीही नोंद उघडा, यादीतलं शेवटचंच औषध दिसायचं. काउंटरवरची पोरगी वैतागून गेली होती. कारण सापडलं तेव्हा मला हसू आलं. आधीच्या माणसाने आकडे ताडायचं चिन्ह शब्दांवर वापरलं होतं. पर्लकडे असल्या शब्दाचा आकडा मागितला की तो शून्य देतो. म्हणजे सगळी औषधं शून्य, सगळी सारखी, सगळ्यांवर खूण, आणि ब्राउझर त्यातलं शेवटचं धरून बसणार. मी तिथे शब्द ताडणारं 'ईक्यू' घातलं. झालं काम. आठवडाभर मी दवाखान्यात छाती काढून फिरत होते.

ईक्यू फार कडक असतं, आमच्या शाळेतल्या बाईंसारखं. मी वर्गात 'मले' म्हटलं की बाई विचारायच्या, मले म्हणजे काय गं, मळलेली का? सगळा वर्ग हसायचा. ह्रस्वदीर्घाला तर त्या अर्धा गुणही सोडत नसत. मग मीही हट्टाला पेटून व्याकरणाचे नियम घोकले. अजून पाठ आहेत.

म्हणूनच आमच्या व्यवस्थापकांचं आणि माझं जमतं. ते निवृत्त मुख्याध्यापक. एकदा त्यांनी त्या औषधांच्या यादीची छापील प्रत आणली, तिच्यावर लाल पेनाच्या खुणा. 'पेनिसिलिन' लिहिलंय, म्हणाले, हे शोभत नाही. अकारान्त शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर... पुढचं मीच म्हटलं, दीर्घ असतं सर, गरीब, वकील, तसं. ते खूश झाले. मीही. वर माझ्या खोलीत जाऊन मी प्रोग्रामच्या यादीतली एक वेलांटी बदलली. पाटीवरचा शब्द खोडून पुन्हा लिहावा, एवढंच वाटलं मला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईचा पाय पत्र्याने कापला. जखम चिघळली तशी मी तिला आमच्याच दवाखान्यात आणली. तिचा मोबाइल नंबर बदलला होता, तो काउंटरवर सांगितला. ॲलर्जी नोंदीत होतीच, ती वेगळी सांगावी असं वाटलं नाही. पोरीने नोंद उघडली, नंबर बदलला, सेव्ह केलं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आईला ड्रेसिंग रूममध्ये पाठवलं. मी केसपेपरची एक प्रत घेऊन वर माझ्या खोलीत गेले. नंबर बरोबर पडला का ते बघायला म्हणून कागद उघडला. नंबर बरोबर होता. त्याच्याखाली छापलेलं होतं, ॲलर्जी: काही नाही.

आधी मला त्या पोरीचा राग आला. मग आठवलं, तिने तर त्या रकान्याला हातही लावला नव्हता. मी समोर उभी होते. आणि मग लक्षात आलं. आईच्या नोंदीत शब्द होता 'पेनिसिलिन', मीच कधी तरी भरलेला, ह्रस्व. यादीत होता 'पेनिसिलीन', दीर्घ. ईक्यूच्या लेखी ते दोन निराळे शब्द. जुळलं काहीच नाही, खूण कशावरच पडली नाही, आणि खूण नसली की ब्राउझर यादीतलं पहिलं नाव दाखवतो. पहिलं होतं 'काही नाही'. नंबर सेव्ह करताना तेही सेव्ह झालं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

जिना मी कसा उतरले, माहीत नाही. कानात तो भोंगा वाजत होता. एक चप्पल मध्येच राहिली. मनात एकच, दार उघडल्यावर आईचे ओठ कसे दिसतील.

आई खाटेवर बसलेली होती, बाही वर केलेली. सिस्टरच्या हातात सुई भरून तयार होती.

"सिस्टर, थांबा. कोणतं आहे ते?"

सिस्टरने नाव सांगितलं. पेनिसिलीनच्याच जातीचं औषध होतं. आधी थोडंसं टोचून बघणार होते, म्हणाली, आणि केसपेपरवर तर काहीच नाही. मी म्हटलं, केसपेपर चुकलाय, हिला पेनिसिलीन चालत नाही. तिने सुई ट्रेमध्ये ठेवली. मग ती आईकडे वळून जरा घुश्श्यातच म्हणाली, मावशी, मी विचारलं तेव्हा तुम्ही गळा धरतो म्हणालात. मला वाटलं घसा बसलाय.

आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी तं सांगून राहिली होती वं, गळा धरते म्हणून. नाव कुठं येते मले त्याचं?"

मी तिचा हात धरला. तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"काहून वं, भूत पाह्यलं काय? मले तं काहीच नाही झालं."

तिला नव्हतं झालं. पण ती वेलांटी बदलल्यापासून काउंटरवर रोज कुणाचा ना कुणाचा पत्ता, कुणाचा नंबर बदलला गेला होता. मी तशीच व्यवस्थापकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मग त्यांनीच काउंटरवर जाऊन नोंदी बदलणं थांबवलं. मी जुना बॅकअप काढून ताडून पाहिलं. जिथे 'पेनिसिलिन' जाऊन 'काही नाही' आलं होतं, त्या नावांना आम्ही दोघांनी फोन लावले. प्रत्येक घंटीला मला तो आवाज ऐकू यायचा. उमरेडच्या एका विणकर बाबांचा फोन उचललाच जाईना. दुपार गेली. शेवटी त्यांनी उचलला आणि माझा प्रश्न ऐकून म्हणाले, मी ठणठणीत हाव बाई, जेवून राहिलो होतो. फोन ठेवून मी टेबलावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी यादीच्या वर 'निवडा' असा रिकामा पर्याय आला. तो तसाच राहिला तर नोंद सेव्ह होत नाही. नोंदीतला शब्द यादीत नसेल तर तो आहे तसा, लाल अक्षरांत, सगळ्यात वर दिसतो. आणि पर्ल आता शब्द ताडतच नाही. प्रत्येक औषधाला एक ठरलेला क्रमांक दिला आहे. तो वेलांटी बदलून बदलत नाही.

घरी मी आईला ते नाव शिकवायला बसले. पे-नि-सि-लीन. तिच्या जिभेवर ते काही बसेना. शेवटी तिने तिच्या सोयीचं करून घेतलं. पुढच्या ड्रेसिंगला आलो तेव्हा काउंटरवरच्या पोरीने नियमाप्रमाणे विचारलं, मावशी, कोणतं औषध चालत नाही? आईने मान वर केली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "मले पेन्सिल चालत नाही."

रांगेतले लोक हसले. पोरगीही हसली, पण तिने यादी उघडून बरोबर नावावर बोट ठेवलं. मी हसले नाही. प्रिंटरमधून कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत मी त्याच्यासमोर उभी राहिले, तो हातात घेतला आणि ती ओळ वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.