आठ तासांचा अर्ज

आमच्या मुलांच्या क्रिकेट क्लबला आठवड्याला चार तास मैदान पुरत होतं. अर्जात मी आठ लिहिले. हे तोंडाने कबूल करायला मला एक वर्ष लागलं, आणि तोवर त्याचा कुणाला काही उपयोग उरला नव्हता.

सिटीवेस्टला आमच्या घरामागे काउन्सिलचं एक मैदान आहे आणि त्यावर चार क्लबांची मुलं खेळतात. वेळा काउन्सिल ठरवत नाही. दर मार्चमध्ये चारही क्लबांची माणसं कम्युनिटी सेंटरमध्ये चहा पीत बसतात आणि आपापसात वाटून घेतात. तक्ता भरतात ते हर्लिंग या इथल्या आयरिश खेळाच्या क्लबमधले एक निवृत्त पोस्टमन.

मी पुण्यात दहा वर्षं नोकरी केली. तिथे चार माणसं हवी असली की आठ मागायची. साहेब निम्मी कापणार, हे मागणाऱ्यालाही ठाऊक आणि साहेबालाही. त्यात आपण खोटं बोलतोय असं कधी वाटलं नाही. इथेही मी तसेच आठ लिहिले आणि कापाकापीची वाट बघत बसलो. पोस्टमननी चष्म्यावरून बघत विचारलं, आठ लागतील ना? मी हो म्हटलं. ते ‘ग्रँड’, म्हणजे इथलं ‘ठीक आहे’, म्हणाले आणि त्यांनी आठ लिहून टाकले.

कापले गेले ते दुसऱ्याचे. लहान मुलींच्या फुटबॉल टीमला शिकवणारी एक नर्स माझ्या शेजारीच बसली होती. तिने तीन तास मागितले होते, कारण तिला तीनच हवे होते. त्यातले शनिवारचे दहा ते बारा आमच्याकडे आले आणि तिला त्याऐवजी बुधवारची संध्याकाळ मिळाली. ती म्हणाली, यांचा क्लब नवीन आहे, यांनाही जागा हवीच, आम्ही जमवू. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बिस्किट खात बसलो.

आमची मुलं शनिवारी आठला यायची आणि दहाला दमून घरी जायची. पहिल्याच शनिवारी मैदान रिकामं झालं, तेव्हा मी स्टंप काढले नाहीत. लोकांना वाटावं की खेळ चालू आहे, मुलं पाणी प्यायला गेलीत. बारापर्यंत बाकावर एकटा बसून राहिलो. पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी बायको बोलवायला आली.

‘‘अरे, हे काय लग्नाचं कार्यालय आहे का, दिवसभराचं अडवून ठेवायला? फोन कर आणि सांगून टाक.’’

मी म्हटलं, आता सांगितलं तर पुढच्या वर्षी आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? ही माणसं अशीच, असं म्हणतील इथल्या सगळ्या भारतीयांबद्दल. तिने स्टंप उपटून माझ्या हातात दिले आणि ती चालू लागली. मी ते पुन्हा रोवले. सगळ्यांची अब्रू मीच राखतोय अशी समजूत करून घेऊन तो अख्खा उन्हाळा काढला.

जूनमध्ये जेवताना मुलीने सांगितलं, तिच्या नेहमीच्या इंग्रजीत, की तिच्या वर्गातल्या मैत्रिणीची टीम लीगमधून बाहेर पडली. बुधवारी कुणाची आई कामावर, कुणाचा पोहण्याचा क्लास, मुलीच जमेनात. शनिवार कुणी घेतला हे तिला माहीत नव्हतं. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी भात वाढून घेतला.

यंदाच्या मार्चच्या बैठकीत शेवटी बोललो. आठ नको होते, चारच हवे होते, मैदान दोन-दोन तास रिकामं असायचं आणि मी ते दिसू दिलं नाही. पुण्यातल्या साहेबांची गोष्टही सांगितली, पण सांगतानाच ती लंगडी वाटायला लागली. नर्स रात्रपाळी करून आली होती. तिला राग आलेला दिसला नाही, आला असता तर बरं झालं असतं.

‘‘मे महिन्यात सांगितलं असतंत,’’ ती म्हणाली, ‘‘तर त्याच आठवड्यात आम्ही परत आलो असतो.’’

मी म्हटलं, शनिवार आता घ्या, हवे तेवढे तास घ्या. ती म्हणाली, टीमच राहिली नाही. सहा जणी उरल्या होत्या, त्या पलीकडच्या क्लबमध्ये गेल्या.

पोस्टमननी मला विचारलं, मग तुम्हाला किती? चार, मी म्हटलं. ते थांबले. ‘‘नक्की?’’ बाकी कुणाला त्यांनी असं विचारलं नव्हतं.

शनिवारचे दहा ते बारा कुणीच मागितले नाहीत. हर्लिंगवाल्यांचे तेव्हा दुसरीकडे सामने असतात, आणि मी कोणत्या तोंडाने मागणार? शेवटी नर्सच म्हणाली, मोकळे ठेवा, आसपासची मुलं येतील खेळायला. काही शनिवारी येतात, असं बायको सांगते. त्या वेळी मी तिकडे जात नाही.