मनीषाचे जास्तीचे थेंब

गेल्या गुरुवारी मी एका मुलीला जवळजवळ खोटारडी ठरवलं होतं...

नाशिकच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते. एमएस्सीची मनीषा माझ्याकडे प्रोजेक्ट करते. सुरगाण्याकडची, हॉस्टेलला राहणारी, अगदी कमी बोलणारी.

विषय साधा. पाण्यात पॉलिमर विरघळवला की सरफेस टेन्शन, म्हणजे पृष्ठताण, किती उतरतो? काचेच्या बारीक नळीतून ठरलेल्या मापाचं द्रावण सोडायचं आणि थेंब मोजायचे. ताण कमी, तर थेंब लहान आणि जास्त.

तिच्या वहीत प्रत्येक वेळी थेंब जास्तच. मी मोजले तर चार-पाच कमी... पुन्हा मोजले, तेच. सोमवारी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येणार होते. मला वाटलं, हिने उत्तर छान यावं म्हणून आकडे मनानेच लिहिले.

"मनीषा, हे तू खरंच मोजलंयस?" लॅबमध्ये सगळ्यांसमोर विचारलं मी.

"मोजलंय मॅडम." चेहरा उतरला, पण एवढंच म्हणाली.

प्रोजेक्ट थांबवावा म्हणून डिपार्टमेंटच्या हेडना मेल टाइप करून झाला. पाठवायच्या आधी काय वाटलं कोण जाणे... तिला म्हटलं, माझ्यासमोर करून दाखव.

ती स्टुलावर बसली, काचेच्या नळीला जोडलेल्या रबरी नळीची क्लिप आवळून वेग कमी केला. थेंब आला, लोंबकळला, फुगत राहिला... मला धीर धरवेना.

"अगं, किती हळू!"

"मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, थेंब आपणहून पडू द्यायचा."

थेंब वहीत होते तेवढेच भरले.

मग क्लिप सैल करून मी तेच द्रावण माझ्या घाईने सोडलं. कमी! शेवटी दोघींनी नुसतं पाणी घेतलं. हळू सोडा की भरभर, थेंब जवळपास तेवढेच...

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पॉलिमरचे रेणू लांबलचक. त्यांना थेंबाच्या आतून पृष्ठभागावर यायला वेळ लागतो. ते पोचले की ताण उतरतो आणि थेंब लहान असतानाच सुटतो. मी त्यांना पोचूच देत नव्हते. तिचेही आकडे खरे होते, माझेही.

इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! मेल तिथल्या तिथे डिलीट केला. आणि जिथे विचारलं होतं तिथेच, सगळ्यांसमोर, तिला सॉरी म्हटलं.

ती लाजली. म्हणाली, "मग मॅडम, दोन्ही वेगांचं लिहू का रिपोर्टात?"

सोमवारी एक्स्टर्नल सर त्याच पानावर थांबले. "हा फरक कसा काय?" मनीषाने सावकाश, न अडखळता समजावलं. सर खूश झाले. मी मागे उभी राहून सुटकेचा निःश्वास टाकला.

रडून निघून न जाता ती माझ्यासमोर बसली आणि पुन्हा मोजून दाखवलं... वीस वर्षं शिकवतेय, त्या दिवशी मात्र मला तिने शिकवलं. थँक्यू, मनीषा.