बल्ब मीच काढला होता

असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानत नाही, आणि माझा सगळा राग त्याचाच आहे. मानत असतो तर सोपं गेलं असतं. कुठेतरी नारळ फोडला असता, कुणाच्या तरी पाया पडलो असतो, मोकळा झालो असतो.

या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचतो. रस्त्यात हात दाखवणारी बाई, बंद खोलीतली पावलं... खाली लोक लिहितात ‘अंगावर काटा आला’ आणि जेवायला जातात. माझ्या अनुभवात काटा येण्यासारखं काही नाही. भर दुपार होती, गाडीतला एक पिवळा दिवा होता, आणि तो पाहिला म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीला सगळ्यांनी वेडी ठरवलं. त्या सगळ्यांत मीही होतो. तेव्हा काटा-बिटा राहू द्या. नीट वाचा.

नव्वदच्या दशकाचा शेवट. छत्तीसगड अजून व्हायचं होतं, आमच्या पत्त्यात भिलाई, मध्यप्रदेश असायचं. मूळचे आम्ही वर्ध्याकडचे. वडील स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते, मी तिथेच इन्स्ट्रुमेंटेशनला लागलो. माझं काम म्हणजे कंट्रोल रूमच्या पॅनलवरचे दिवे. कुठे टेम्परेचर चढलं, कुठे प्रेशर पडलं की पॅनलवर लाल चौकोन पेटतो आणि भोंगा वाजतो. शिफ्ट सुरू होताना आम्ही लॅम्प टेस्टचं बटण दाबतो, सगळे चौकोन एकदम पेटायला हवेत. एखादा पेटला नाही तर आधी बल्ब बदलायचा, चहा नंतर. एका ज्युनिअरने सारखा त्रास देणाऱ्या अलार्मचा बल्बच काढून ठेवला होता. त्याला मी सगळ्यांसमोर झापला होता — “दिवा विझवला की आग विझते का रे?”

मोठी बहीण, कुंदाताई, दुर्गला दिलेली. जिजाजींचं तिथे हार्डवेअरचं दुकान, घराणं दुर्गमधलं जुनं. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत आपलं नाक वर असलं पाहिजे हा एक रोग होता. त्या वर्षी त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली. जुन्या कार्बोरेटरवाली नाही, नव्या तऱ्हेची, पेट्रोल इंजेक्शनवाली. तशा गाड्या आमच्याकडे तेव्हा बोटावर मोजण्याइतक्या. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा एक पिवळा दिवा होता आणि तो कायम लागलेला असायचा. मेकॅनिक लोकांना त्याचं काही कळत नव्हतं. कुणी बॅटरीची तार काढून परत लावली, तेवढ्यापुरता गेला, पुन्हा हजर.

एका रविवारी सकाळी जिजाजी आणि ताई गाडी घेऊन आमच्या क्वार्टरवर आले.

“का सालेसाहेब,” जिजाजी उतरता उतरता म्हणाले, “एवढी मोठी भट्टी सांभाळता, अन् जिजाजीचा एक दिवा विझत नाही तुमच्याच्यानं?”

मी गाडीची पुस्तिका वाचली. सोपं होतं. गाडीत एक छोटा सॉकेट असतो. त्यातल्या ठरावीक दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि चावी फिरवायची. मग तो दिवा लागून राहत नाही, लुकलुकायला लागतो, आणि त्या लुकलुकण्यातून बिघाडाचा नंबर सांगतो. एकदा लागला, थांबला, मग तीनदा लागला. एक आणि तीन, तेरा.

ताई चहाचा ट्रे घेऊन गाडीच्या खिडकीशी वाकली होती. “कावून रे दिलीप, हा डोळा मारून राहिला का तुले?”

“आकडा सांगून राहिला, ताई. तेरा नंबर.”

“म्हणजे विचारलं तर उत्तर देते. चांगलं आहे. आमच्या घरी माणसंही देत नाहीत.”

जिजाजी हसले नाहीत.

तेरा नंबर म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला एक सेन्सर. तो नागपूरहून मागवावा लागणार होता. गाडी त्याच्याविना चालते, पेट्रोल थोडं जास्त पिते, एवढंच. मी तसं सांगितलं.

“अरे पण बुधवारी राजनांदगावले लग्न आहे, चुलतभावाकडं,” जिजाजी म्हणाले. “तो पाहिल्या पाहिल्या म्हणन, भाऊ कबाड उठा लाया. तू काही कर, पण तो लाईट बंद करून दे. धोका नाही ना?”

“तसा धोका नाही...”

“मग झालं तर!”

जिजाजी आणि ताई पोहे खायला आत गेले. मी डॅशबोर्डवरच्या मीटरच्या मागे हात घातला, त्या दिव्याचा होल्डर फिरवला आणि बल्ब काढून खिशात टाकला.

तो दिवा एकट्या तेरा नंबरचा नव्हता. इंजिनात कुठेही काहीही बिघडलं तरी सांगणारा तोच एक होता. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दिव्यांचीच भाकरी खाणारा माणूस मी! पण जिजाजींशी वाद नको होता, आणि मोठ्या बहिणीच्या नवऱ्यासमोर ‘होत नाही’ म्हणायची लाज वाटली. जिजाजी बाहेर आले, चावी फिरवली. “वा सालेसाहेब!” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कसं केलं ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

बुधवारी दुपारी ते दुर्गहून निघाले. जिजाजी गाडी चालवत होते, ताई शेजारी, मागच्या सीटवर माझी भाची झोपलेली. शिवनाथ नदीचा पूल मागे पडला आणि ताईला तो पिवळा दिवा लुकलुकताना दिसला.

“थांबा,” ती म्हणाली. “तो दिवा लागून राहिला.”

जिजाजींनी पाहिलं. तिथे काही नव्हतं. “तुह्या भावानं बंद केला तो. ऊन चमकत असन.”

“ऊन नाही. पाहा ना तुम्ही, आकडा सांगून राहिला.”

“कुंदा, तमाशा नको करू.”

ती ऐकेना. शेवटी तिने दाराच्या कडीला हात घातला, उडी मारते म्हणाली. जिजाजींनी करकचून ब्रेक दाबला. तिने मागचं दार उघडून झोपलेल्या पोरीला उचललं आणि खाली उतरली. जिजाजी म्हणाले, “रह इथंच. बसनं ये.” आणि निघून गेले.

रसमड्याच्या वळणाअलीकडे गाडीने पेट घेतला. धूर पाहून ते उतरले आणि बॉनेट उघडायला गेले... दोन्ही हात भाजले. ट्रकवाल्यांनी मागे ओढलं म्हणून जीव वाचला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईने मला हे सगळं सांगितलं. तोवर मी गाडी पाहिलेली नव्हती. ती रडत नव्हती. तिने एकच विचारलं, “दिलीप, आधी दोनदा लागायचा, थांबायचा, मग एकदा. म्हणजे कोणता नंबर?”

त्या रविवारी तिने फक्त तेरा पाहिला होता. घरी जाऊन, माझ्याकडेच राहिलेली पुस्तिका उघडली. एकवीस — थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा सेन्सर.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी पाहिली. पुढचा भाग जळलेला, डॅशबोर्डपर्यंत आग पोचली नव्हती. आधी मीटरच्या मागे हात घातला. बल्बची जागा रिकामी होती. मग इंजिन पाहिलं. थ्रॉटलच्या सेन्सरकडे जाणारा तारांचा जुडगा क्लिपमधून सुटून गरम पाइपावर पडला होता, वितळून चिकटला होता. त्याच्याच लगत पेट्रोलची नळी. सुरुवात तिथून झाली होती. आग लागायच्या आधी इंजिनाने बिघाडाचा नंबर नोंदवला असेल तर एकवीसच नोंदवला असेल.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. बल्ब नसेल तर दिवा लागत नाही. आणि बल्ब असता तरी तो लुकलुकला नसता. चालत्या गाडीत तो नुसता लागून राहतो, नंबर सांगतो फक्त पिना जोडल्यावर. त्या सॉकेटमध्ये तार नव्हती, हे मी हाताने पाहिलं. म्हणजे ताईने जे पाहिलं ते दोन-दोन कारणांनी अशक्य होतं. आणि बरोबर होतं.

आठवडाभराने दुर्गच्या घरी सगळे बसले. जिजाजी पलंगावर, हात पट्ट्यांमध्ये. त्यांची आई, ताईची सासू, मधोमध खुर्चीवर. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

“पोरीले घेऊन आधीच उतरली,” सासू म्हणाली. “माझ्या लेकाले एकट्याले जळाले सोडलं. हिले कसं माईत होतं? काय केलं होतं हिनं?”

“दिवा लागला होता, आत्याबाई,” ताई म्हणाली.

“काही नव्हता लागला,” जिजाजी पलंगावरून म्हणाले. “मी समोरच होतो ना.”

सासू माझ्याकडे वळली. “तू मशिनीतला माणूस. तूच सांग बापा. लागला होता का दिवा?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भाऊ आला, आता हा सांगेल — एवढंच होतं.

मी म्हणालो, “लागू शकत नव्हता.”

शब्द अन् शब्द खरा. ‘कारण बल्ब मी काढला होता’ हे पुढचं वाक्य तोंडात होतं. पलंगावरच्या त्या पट्ट्या पाहिल्या आणि गिळून टाकलं. सासू म्हणाली, “पाहा. सख्खा भाऊ म्हणून राहिला.”

ताई आत गेली.

पुढचं लवकर सांगतो, कारण सावकाश सांगायला गेलो तर लिहिलेलं सगळं पुसून टाकीन. बाईला भास होतात, असं ठरलं. रायपूरच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. मग ‘आराम करू द्या’ म्हणून ती पोरीसकट आमच्याकडे आली आणि परत न्यायला कुणी आलं नाही. त्या गोळ्यांनी तिची जीभ जड व्हायची, बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. पाण्याचा ग्लास तिच्या हातात मी द्यायचो. तिला काही झालेलं नाही हे ठाऊक असलेला त्या घरात मी एकटाच माणूस होतो, आणि ग्लास मी द्यायचो!

मी कारणं शोधली नाहीत असं नाही. काचेवरचं ऊन? ऊन दोन आणि एक मोजत नाही. पुस्तिका तिने वाचली असेल? ती माझ्याकडेच होती, इंग्रजीत होती. योगायोग? म्हणा. मी अनेक वर्षं म्हणून पाहिलं. आणि देव, पितर, शक्ती असं जे कुणी सुचवतील, त्यांच्यावर मला सगळ्यात जास्त चीड येते. त्या शक्तीला एवढं कळत होतं तर तिने जिजाजींच्या डोळ्यांना का नाही दाखवलं? माझ्या का नाही? बल्ब मी काढला आणि त्या शक्तीने उजेड ताईच्या पदरात टाकला. हा कसला न्याय?

गेल्या हिवाळ्यात भिलाईतल्याच नेहरू नगरच्या आमच्या आताच्या घरी स्वयंपाकघरात गॅसचा वास होता. मी बाहेरून आलो तर सगळ्या खिडक्या उघड्या आणि ताई अंगणात गुपचूप बसलेली.

“ताई, गॅस लीक आहे! सांगितलं कावून नाही कोणाले? माझी सून आत झोपली आहे!”

“मी सांगितलेलं कोण मानते?” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. आपण वेड्या नव्हतो, काहीतरी अद्भुत पाहिलं... ती ऐकत राहिली.

“म्हणजे बल्बच नव्हता.”

“नव्हता.”

“अन् तुले माईत होतं. मी गोळ्या खात होती तेव्हाही.”

“हो.”

“भूत होतं का देव होता ते राहू दे,” ती म्हणाली. “तू काय होता ते सांग.”

ती उठली. “दुर्गले जा. जिथं मले खोटी पाडली तिथं सांग. इथं माझ्यापाशी नको रडू.”

मी गेलो. सासू कधीच वारली होती. जिजाजी दुकानात गल्ल्यावर होते. त्यांच्या बोटांची मूठ अजूनही पूर्ण वळत नाही. नोकरांसमोरच सांगितलं. ते मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले. मग म्हणाले, “पण मग तिले दिसला कसा?”

ती खोटं का बोलली, हे त्या घराने हजारदा विचारलं होतं. तिला कसा दिसला, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

“मले माईत नाही, जिजाजी,” मी म्हणालो. तेव्हाही नव्हतं, आज हे लिहितानाही नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर मला सांगू नका. आधी तिला विचारा, काय दिसलं होतं.

परत आलो तेव्हा ताई मेथी निवडत होती. जिजाजींनी काय विचारलं ते तिला सांगितलं. तिने मान वर केली नाही.

“आता विचारून राहिले?” ती म्हणाली, आणि निवडलेली, न निवडलेली सगळी मेथी एकत्र करून आत निघून गेली.