टेकाडाभोवतीचे दगड

आमच्या शेजारच्या खाला जिना चढता चढता प्रत्येक दारातून काय शिजतंय ते विचारतात. लेकीकडं पोलंडला जाऊन आल्यावर मात्र त्या जेवणाविषयी नाही, एका जंगलाविषयी बोलल्या. नाझींनी मारलेले ज्यू तिथं एकाच खड्ड्यात पुरले होते. गावकऱ्यांनी काहीही न उकरता भोवती दगड मांडून ती जागा राखली होती.

"आपलं टेकाड बी तसंच हाय की," खाला म्हणाल्या.

कॉलनीमागच्या टेकाडाखाली प्लेगात गेलेली माणसं आहेत, हे आम्ही ऐकून होतो. रविवारी तिथं क्रिकेट खेळणारे वाळूजच्या कारखान्यांतले कामगार ते सपाट करून मैदान वाढवणार होते. खाला गोड भाताचं पातेलं घेऊन थेट मैदानात गेल्या.

"टेकाडाखाली प्लेगात गेलेली माणसं हायेत. आधी भोवती दगड लावा, मग जेवा."

"खाली हिंदू हायेत का मुसलमान?" एकानं विचारलं.

"काय माहीत बेटा! शेजारी शेजारी हायेत, एवढं खरं."

सगळे हसले आणि दगड आणायला पांगले.

आता चेंडू टेकाडावर गेला की पोरगं बूट काढूनच आत जातं. तोवर फलंदाज तीन धावा पळतो, आणि कुणीही तक्रार करत नाही.