बारचे पौंड करणारे आप्पा

आमच्या धंद्यात आकड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात! परभणीत कारखान्यांचे प्रेशर गेज तपासून द्यायचं आमचं दुकान. एक गेज पौंड दाखवतं, दुसरं किलो, तिसरं बार. दाब तोच, आकडे वेगळे. आणि बारचे पौंड, पौंडाचे किलो तोंडी करणारे आमचे मन्मथआप्पा. दिवाळीत दुकानातच चक्कर येऊन पडले, तेव्हापासून पालमला घरी आहेत. ते परत येतील म्हणून मी वाट बघत होतो.

*

बर्फाच्या कारखान्यातलं जुनं गेज पौंडाचं. काटा कायम दीडशेवर. आम्ही नवीन दिलं ते बारचं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या ऑपरेटरचा फोन. "आप्पा, पळत या! काटा दहावर आलाय, मशीनच बंद केली मी!"

आमच्याकडे सर्टिफिकेटं लिहिणाऱ्या शैलाताईंचं नेलपॉलिश मागून घेऊन आप्पा गेले. काचेवर दहाच्या जरा पुढं लाल रेघ ओढली. "आकडा बघूच नको. काटा रेघंवर हाय का, तेवढंच बघत जा."

शैलाताईंचं अजून एकच म्हणणं, "माझी बाटली कुठाय?"

*

एकदा एक नवा इंजिनिअर आला. साडेसात बारचे पौंड हवे होते. त्यानं मोबाईल काढला, ॲप उघडेना. तोवर आप्पांनी स्टिकरवर एकशे नऊ लिहून चिकटवलंही!

"कसं काढलं?"

"पंधरानं गुणायचं आन मूळ आकड्याचं अर्धं काढून टाकायचं. तुमच्या मोबाईलला रेंज लागती, मला निस्ता चहा लागतो."

त्यानं मुकाट्यानं चहा सांगितला.

*

आप्पांच्या घरीही तेच. कुकरची शिट्टी झाली की आप्पा सांगणार, "एक किलो झाला बघ. म्हंजी चवदा पौंडाच्या वर."

काकू म्हणायच्या, "ते ऱ्हाऊ द्या. डाळ शिजली का, ते सांगा!"

*

आता दुकानात मी एकटाच गेज तपासतो. सोळा बारचे पौंड मला येतात. तरी मी पालमला फोन लावतो. "आप्पा, सोळाचे किती हो?" पलीकडून लगेच उत्तर येतं, "दोनशे बत्तीस." ते मी स्टिकरवर लिहून घेतो. मला त्यांची फार आठवण येते, पण ते काही फोनवर सांगता येत नाही.

*

मागच्या आठवड्यात राहवेना म्हणून पालमची एसटी धरली. पोहोचलो तर आप्पा आणि काकू दवाखान्यात निघालेले. मीही गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, पारा वर चढवला.

"एकशे ऐंशी! आप्पा, परभणीचं काम विसरा आता."

आप्पांनी डोळे मिटले. ओठ जरासे हलले.

"एकशे ऐंशी मिलिमीटर पारा ना? पाव किलोबी भरंना की, डॉक्टर! येवढ्यासाठी मला घरी बसवायलात?"

डॉक्टर हसले. मीही हसलो. काकू नाही हसल्या.

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला, बाही खाली केली आणि माझ्याकडं वळले.

"जा तू. दुकान आता तूच बघ. चारची गाडी सापडंल."